कोंडाआत्याचा नंबर बदलला

कोंडाबाई गजभारे ही माझी सख्खी आत्या. हदगावच्या भीमनगरात राहते. अंगणवाडीत मदतनीस होती, आता निवृत्त झाली आहे. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. त्यामुळे तिच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. चढवलाच, तर लहानपणी त्याचं नाक कसं वाहायचं ते आत्या चारचौघांत सांगून मोकळी होते.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पांढरं लुगडं नेसून, चष्मा लावून आत्या वाचते आणि बाया सतरंजीवर बसून ऐकतात. आत्या सातवी शिकलेली. पण एवढ्या वर्षांत ग्रंथ तिच्या तोंडात बसला आहे. कुठं थांबायचं, कुठं बायांकडं बघायचं, कुठं दोनदा वाचायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही.

तिच्या आधी एक निवृत्त गुरुजी वाचायचे. एका वर्षी ते मध्येच आजारी पडले. उद्या बघू, परवा बघू, असं करता करता वाचन थांबलं आणि पुढची काही वर्षं सुरूच झालं नाही. विहार फक्त जयंतीला उघडायचा. एरवी आत मंडपाचे बांबू आणि खुर्च्या पडलेल्या असायच्या. आत्यानं एका आषाढात ते सामान स्वतः बाहेर काढलं, फरशी धुतली आणि वाचायला बसली. पहिल्या दिवशी ऐकायला तीन बाया आणि एक शेळी होती, असं ती सांगते. पुढं सतरंज्या कमी पडायला लागल्या. म्हणून एक दिवसही खंड पडू द्यायला ती तयार नसते. एक दिवस बंद राहिलं की बायांना घरी बसायची सवय लागते, आणि ती सवय मोडायला मला परत म्हातारं व्हावं लागंल, असं तिचं म्हणणं.

तिची मुलगी धम्मप्रिया जर्मनीत नर्स आहे. जावई प्रीतमही तिथंच एका कारखान्यात नोकरीला. मागच्या उन्हाळ्यात कळलं की धम्मप्रियाचं बाळंतपण ऐन वर्षावासात येणार. तिला आई जवळ हवी होती. आत्यानं नाही म्हटलं नाही. फक्त, पौर्णिमेनंतर होत न्हाई का, असं विचारलं. धम्मप्रिया फोनवर आधी हसली आणि मग रडायला लागली.

मी पॉलिटेक्निकला दूरसंचार शिकलो आणि आता एका कंपनीत टॉवरच्या देखभालीचं काम करतो. नांदेडला राहतो, पण काम लातूरपर्यंत पसरलेलं. घरात फोनचा कुठलाही प्रश्न आला की तो माझ्याकडं येतो. मी म्हटलं, आत्या, तू तिथून वाच, इथं विहारात आवाज ऐकू येईल. तिचा विश्वास बसेना. शेवटी ती आमच्या नांदेडच्या घरी येऊन बसली आणि फोनवरून वाचायला लागली. तिकडं हदगावला केरबाकाकांनी सुनेचा फोन वायरीनं विहाराच्या अँप्लिफायरला जोडला. केरबाकाका विहाराचा माईक सांभाळतात. पान संपल्यावर आत्यानं त्यांना विचारलं, ऐकू आलं का. काका म्हणाले, तू इथं बसून वाचतीस त्यापेक्षा सुधरलं. त्या दिवशी तिचं जायचं ठरलं.

मी तिला विचारलं होतं, नेटवर्कचं काही सांगता येत नाही, एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणी वाचलं तर? आत्या म्हणाली, वाचायला हाय कोण? महामायाचं नाव मी घेतलं. महामाया म्हणजे केरबाकाकांची सून, वस्तीतलीच मुलगी, बारावी झालेली. आत्यानं हात झटकला. ती घाई करती म्हणे.

मग तयारी सुरू झाली. आपल्या सिमला परदेशात रेंज कशी येते हे आत्याला कळत नव्हतं. तुझे टॉवर काय तिथवर गेलेत का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, आपला माणूस परगावी गेला की पाहुण्याच्या घरी जेवतो ना, तसं आपलं सिम तिथल्या कंपनीच्या टॉवरवर जेवतं. जेवणाचं दोन्ही घरं आपसात बघून घेतात. त्यालाच रोमिंग म्हणायचं. फक्त आधी सांगून ठेवावं लागतं, न सांगता गेलं तर उपाशी राहायची पाळी येते. हे तिला पटलं. तिच्या नंबरवर मी प्रवासापुरता रोमिंगचा पॅक टाकला. विमानात बसल्यावर फोनवरचं विमानाचं चिन्ह दाबायचं आणि उतरल्यावर परत दाबायचं, याचा सराव झाला. घरी गेल्यावर धम्मप्रियाचं वायफाय होतंच.

नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान, मध्ये आखातात विमान बदलायचं. तिथल्या विमानतळावर वायफाय घ्यायला नंबर टाकावा लागतो आणि त्यावर ओटीपी येतो. रोमिंग चालू असल्यानं तो आला. आत्यानं कुणालाही न विचारता तो टाकला आणि मला आवाजी निरोप पाठवला, की मी अरबाच्या मुलखात हाय, सगळे लई शांत हायत, पण चहात दूध घालून न्हाई राहिले.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू. आपल्याकडं संध्याकाळचे सात वाजले की तिथं दुपार असायची. आत्या जेवण उरकून, लुगडं बदलून, धम्मप्रियाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. इकडं विहारात दिवे लागायचे. वाचता वाचता कधी तिकडं चर्चची घंटा वाजायची आणि सगळ्या बाया वर बघायच्या. सुनेला सोडायला आलेल्या सासवासुद्धा बसायला लागल्या. जर्मनीतून येणारा आवाज ऐकायचा होता सगळ्यांना.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. आदल्या हिवाळ्यात वस्तीतल्या एका बाईला परदेशी नंबरवरून फोन आला होता. तुझ्या मुलाला पोलिसांनी धरलंय म्हणून सांगितलं आणि मुलाच्या आवाजात रडून दाखवलं. तिच्या खात्यातलं सगळं गेलं. मग मी विहारात या विषयावर बोललो. अनोळखी परदेशी नंबर उचलू नका. ‘माझा नंबर बदलला, हा नवा’ असा निरोप आला तर विश्वास ठेवू नका. आवाज ओळखीचा वाटला तरी तो मशीननं बनवलेला असू शकतो. माझं बोलणं पाऊण तासाचं. आत्यानं त्याचा कायदा केला. ती घरोघर फिरली. नंबरच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एक्याण्णव सोडून दुसरा आकडा दिसला की कापायचा, हे तिनं बायांकडून घोकून घेतलं. एवढ्यावर ती थांबली नाही. मला इंटरनेटवरून घेतलेल्या एका परदेशी नंबरवरून वस्तीत फोन करायला लावले आणि कोण उचलतं ते स्वतः उभं राहून बघितलं. महामायानं उचलला. आत्यानं तिला सगळ्यांपुढं असं काही ऐकवलं की महामाया त्यानंतर वस्तीतली सगळ्यात कडक बाई झाली. विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनही तीच आहे.

श्रावण सरत आला आणि धम्मप्रियाला दवाखान्यात नेलं. दवाखाना घरापासून लांब. आत्याला ट्रामनं एकटीनं ये-जा करावी लागणार होती, म्हणजे घराबाहेरही तिच्या फोनला नेट हवं. रोमिंगचा पॅक तर कधीच संपला होता. प्रीतमकडं स्वतःच्या नावावरचं एक जास्तीचं सिम होतं. आत्याच्या फोनमध्ये दुसऱ्या कप्प्यात मेमरी कार्ड होतं, त्यात विहारातल्या वंदनेची रेकॉर्डिंग. त्याला ती हात लावू देईना. तेव्हा प्रीतमनं भारताचं सिम काढून डबीत ठेवलं, जर्मनीचं बसवलं आणि घाईघाईत धम्मप्रियाजवळ आत गेला. तिथं नवऱ्याला बाळंतपणाच्या खोलीत घेतात. आत्या बाहेर बाकावर बसली. धम्मप्रियानं तिला सांगितलं होतं, अजून वेळ आहे आई, तू तुझं वाचन करून घे.

मी त्या दिवशी लातूरकडं होतो. मुरुडजवळच्या एका टॉवरची बॅटरी बिघडली होती. काम आटोपतच होतं तेवढ्यात महामायाचा फोन आला. जयभीम केला आणि एका दमात सगळं सांगितलं. कोंडामायचा फोन चोरीला गेला. ग्रुपमध्ये ‘नंबर बदलला’ असं आलंय, नंबर परदेशी आहे. तिनं तो लगेच ग्रुपमधून काढला, ब्लॉक केला आणि बायांनाही ब्लॉक करायला सांगितलं. सगळ्यांनी केला. कोंडामायचा जुना नंबर लावला तर बंद.

मीही जुना नंबर लावून बघितला. बंदच. प्रीतम उचलेना. परक्या देशात आत्या एकटी, फोन गेलेला, धम्मप्रिया दवाखान्यात. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, पण सुरुवातीचा आकडा जर्मनीचा.

“आदर्श, तू तरी उचललास बाबा,” आत्या म्हणाली. “ह्यांना काय झालंय? मला कापून राहिले सगळे. महामायाला तीनदा लावला.”

“आत्या, तू बरी हायस ना? हा नंबर कुणाचा?”

“माझाच. प्रीतमनं नवीन सिम टाकलं.”

“सिम टाकलं तरी व्हॉट्सअ‍ॅपचा जुना नंबर राहतो. तो कसा बदलला?”

“फोननंच इच्यारलं, तुमचा नंबर बदलला हाय का म्हणून. बदलला तर होताच. मग न्हाई कसं म्हणू? ग्रंथ मांडीवर, रोज पंचशील घेते, आन् फोनपाशी खोटं बोलू?”

सिम बदललेलं दिसलं की ॲप तसं विचारतं. लोक न वाचता नको म्हणतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. आत्यानं प्रश्न वाचला, त्याचं खरं उत्तर दिलं आणि पुढं पुढं दाबत गेली. तिनं स्वतः केलेल्या कायद्यात ती स्वतः सापडली, हे मी तिला सांगितलं. ती काही हसली नाही. “ते राहू दे. वाचनाचं काय? बाया येऊन बसल्या असतील. परत जातील त्या.”

मी महामायाला फोन लावला. सांगितलं, तो नंबर कोंडाआत्याचाच आहे, आत्ता बोललो तिच्याशी.

“आदर्शभाऊ, तुम्हाला पण गंडवलं,” ती शांतपणे म्हणाली.

“अगं, मी आवाज ओळखतो तिचा.”

“आवाज बनवता येतो. तुम्हीच सांगितलं होतं.”

मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करतो, तोंड बघ तिचं. तर तोंडही बनवता येतं, हे कोंडामायनं सांगितलंय म्हणे. मला रागही येईना. एवढं मन लावून आमचं कुणी ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, बाया बसल्यात, वेळ झाली, ठेवते. मी विचारलं, मग आज वाचणार कोण?

“मीच. दुसरं कोण हाय? बंद तर पाडता येत न्हाई.”

तिनं फोन ठेवला. मी आत्याला सांगितलं.

“महामाया वाचणार?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला ऐकव.”

केरबाकाकांचा फोन साधा, बटणांचा. त्यांना कसलीच भीती नसते, माझ्याजवळ न्यायला हाय काय, असं म्हणून ते कुणाचाही फोन उचलतात. माझा उचलला. मी म्हटलं, काका, काही विचारू नका, फोन स्पीकरपाशी धरून ठेवा. माझ्याकडं कंपनीचा एक आणि स्वतःचा एक असे दोन फोन. एकावर जर्मनी, दुसऱ्यावर हदगाव. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल आणि साधा कॉल एकत्र जोडता येत नाही. मी टॉवरखालच्या खोलीत वारा लागणार नाही असा जाऊन बसलो आणि दोन्ही फोन स्पीकरवर टाकून तोंडाला तोंड लावून धरले. तिथला राखणदार ईश्वरप्पा दारातून बघत होता. म्हणाला, काय सायेब, दोन फोनचं लगीन लावायलाव का?

महामायाचा आवाज यायला लागला. सुरुवातीला ती खरंच घाई करत होती, बस सुटल्यासारखी. एका अवघड शब्दाला अडखळली, मागं गेली, परत वाचला, परत अडखळली. पुढच्या खेपेला नीट म्हटला. कुठंतरी पोर रडलं, त्याला कुणीतरी उचलून बाहेर नेल्याचं कळलं. त्यानंतर तिचा वेग उतरला. महामाया जिथं अडायची तिथं तो शब्द आत्याच्या तोंडून हळूच यायचा, तिच्या आधी. आपण बोलून राहिलो हे तिला माहीत नसावं.

असं बराच वेळ चाललं. मग आत्या एकदम म्हणाली, “थांब. पान सुटलं.”

“काय?”

“दोन पानं संगं उलटली तिनं. मधलं पान राहिलं. सांग तिला.”

मी काकांना ओरडून सांगितलं. काकांनी जराही विचार न करता माईकवरच सांगून टाकलं, “महामाया, थांब. पान सुटलं म्हणतीया.”

पानांचा आवाज आला. दमटपणानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मग काकांच्या फोनमध्ये महामायाचा आवाज आला, अगदी जवळून.

“कोण बोलतंय?”

“कोण बोलतंय काय? मागं जा,” आत्या म्हणाली.

“कोंडामाय?”

“आधी ते पान वाच. मग बोलू.”

काकांनी फोन माईकपाशीच धरला असणार, बाया हसायला लागल्या. तो हसण्याचा आवाज मुरुडला माझ्या हातातून जर्मनीच्या दवाखान्यात गेला. कुणीतरी ओरडून विचारलं, पोरगी कशी हाय, झाली का मोकळी? आत्यानं सांगितलं, अजून न्हाई, आत हाय. महामायानं गळा साफ केला. मग म्हणाली, तुम्ही लाईनवर आलाच हाव, तर इथून पुढं तुम्ही वाचा, मी फोन माईकला लावते.

ग्रंथ तिच्या मांडीवर होता, तेच पान उघडलेलं असणार. एवढी वर्षं ती जागा तिची होती. ती आहे म्हणून वाचन आहे, असं आम्ही सगळेच म्हणत आलो होतो आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं. मला वाटलं फोन कटला. मी स्क्रीनकडं बघितलं, चालू होता.

“तूच वाच,” ती शेवटी म्हणाली. “मी ऐकून राहिले.”

महामायानं राहिलेलं पान वाचलं आणि पुढचंही संपवलं. शेवटी सगळ्यांनी सरणत्तय ही समारोपाची गाथा म्हटली. आत्याही तिकडं म्हणत होती, हळू आवाजात, दवाखान्यात असल्यामुळं. मी बूट काढून बसलो होतो. हात अवघडून गेले तरी फोन हलू दिले नाहीत.

आत्यानं फोन ठेवण्याआधी मी विचारलं, कसं वाटलं. “घाई करती,” ती म्हणाली. “पण मागं जाती. चुकलं तर मागं जाऊन परत वाचती. ते जमतं कुणाकुणालाच.”

धम्मप्रियाला मुलगी झाली. विहाराच्या ग्रुपमध्ये आत्या परत आली ती महामायानं तिला दहा प्रश्न विचारून खात्री केल्यावरच. त्यातला एक महामायाच्या लहानपणच्या नाकाबद्दल होता, असं नंतर कळलं. मी आत्याला जुना नंबर परत चालू करून देऊ का विचारलं. ती नको म्हणाली, आता सगळ्यांनी हा ओळखलाय, सारखं बदलायला मी काय चोर हाय का.

दोन-तीन दिवस ती माझ्याशी कमीच बोलली. मला वाटलं बाळंतिणीच्या कामात असेल. मग एका दुपारी स्वतःच म्हणाली, “आदर्श, मला वाटायचं माझ्यावाचून अडंल. अडावं असं बी वाटायचं थोडं. न्हाई अडलं.” आवाजात दुःख होतं का नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही. पण त्याच फोनवर तिनं मला कामाला लावलं. एक दिवस ती वाचणार, एक दिवस महामाया. महामायाच्या दिवशी आत्याला तिकडं ऐकू जायला हवं, आणि त्यासाठी विहारात एक फोन कायम ठेवायचा. मी ते करून दिलं. पुढं आणखी दोन बायांनी नाव दिलं. त्यातली एक पान वाचायला पंधरा मिनिटं घेते. कुणी उठून जात नाही.

आश्विन पौर्णिमेला सांगता झाली तेव्हा आत्या अजून जर्मनीतच होती. शेवटचं पान कुणी वाचायचं यावर वाद नको म्हणून बायांनी ते तिलाच वाचायला लावलं. तिनं अर्धं वाचलं आणि उरलेलं महामायाला वाचायला सांगितलं. तेवढ्यात बाळ उठलं आणि त्याच्या रडण्यानं विहाराचा स्पीकर दणाणून गेला. केरबाकाका आवाज कमी करायला उठले, तर बायांनी त्यांना हात धरून खाली बसवलं.